उसनी पात्रं, फिरत्या फायली

माझ्या टेबलाच्या खणात आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह आहे. त्यात एक खेळ आहे, पण तो एकटा चालत नाही. आधी संगणकावर दुसराच एक खेळ असावा लागतो, तोही ठरावीक आवृत्तीचा. मग त्याच्या फोल्डरात या फायली टाकायच्या, तेव्हा कुठे पडदा उघडतो. २०१८ मध्ये इंदूरला माझ्या भाच्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी हा खेळ केला. एका गाजलेल्या व्हिज्युअल नॉव्हेलचं ते मराठी विडंबन आहे. माझ्या माहितीत त्याची दुसरी प्रत उरलेली नाही.

पोरांनी हौसेनं केलेल्या विडंबनाची शेवटची प्रत मावशीच्या खणात का सापडावी, हे शोधता शोधता मी टोकियोपर्यंत जाऊन पोचले. प्रत्यक्ष नव्हे, वाचता वाचता. तोच प्रवास आज सांगते. बोलताना मी पडद्यावर चित्रं दाखवली होती. इथे ती नाहीत, म्हणून काही गोष्टी जरा जास्त शब्दांत सांगाव्या लागतील.

ज्यांनी व्हिज्युअल नॉव्हेल कधी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी आधी एवढं. मागे एक स्थिर चित्र असतं, शाळेचा वर्ग म्हणा, रेल्वे स्टेशन म्हणा. त्यावर कमरेपर्यंत दिसणारं एक पात्र. खाली चौकटीत मजकूर, टिचकी मारली की पुढचं वाक्य. मध्येच प्रश्न येतो: हिच्याबरोबर जाल की सरळ घरी जाल? उत्तराप्रमाणे गोष्टीला फाटे फुटतात. उड्या नाहीत, गोळीबार नाही, बहुतेक वेळ वाचायचंच असतं. जपानमध्ये १९९२ साली चुनसॉफ्ट या कंपनीनं 'ओतोगिरिसो' ही भयकथा खेळाच्या रूपात काढली आणि तिला 'साउंड नॉव्हेल' म्हटलं. १९९६ मध्ये लीफ या कंपनीचा 'शिझुकू' आला, त्याच वर्षी 'किझुआतो', आणि १९९७ मध्ये 'टू हार्ट'. लीफनं आपल्या या मालिकेला 'व्हिज्युअल नॉव्हेल' हे नाव दिलं आणि तेच पुढे सगळ्या प्रकाराला चिकटलं. हे खेळ प्रौढांसाठीचे होते, तेही सांगून टाकते. पण लोकांच्या मनात घर केलं ते त्यांतल्या व्यक्तिरेखांनी.

या प्रकाराची घडणच विडंबन करणाऱ्याच्या सोयीची आहे. मागचं चित्र वेगळं, पात्राचं चित्र वेगळं, मजकूर वेगळा. नुसता मजकूर बदलला की तोच हसरा चेहरा भलतंच काहीतरी बोलू लागतो. विडंबन म्हटलं की आपल्याला आचार्य अत्र्यांची १९२५ची 'झेंडूची फुले' आठवतात. तिथेही मूळ कवी कसे लिहीत हे माहीत असेल तरच हसू येतं. मात्र एक फरक आहे. अत्र्यांनी ढब दुसऱ्याची घेतली, शब्द स्वतःचे ठेवले. खेळाच्या विडंबनात ढब तर उसनी असतेच, शिवाय चित्रं, संगीत, कधी कधी अख्ख्या फायली उसन्या असतात. त्यामुळे ते केल्यावर दुसऱ्याला द्यायचं कसं, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा राहतो. माझ्या मते या प्रकाराचा खरा इतिहास म्हणजे हे 'द्यायचं कसं'च आहे.

२१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोतल्या एका सभागृहात 'कॉमिक मार्केट' पहिल्यांदा भरलं. ३२ गट आले होते आणि सुमारे ७०० माणसं. या गटांना 'सर्कल' म्हणतात आणि त्यांनी स्वतः काढलेल्या कृतींना 'दोजिन'. हौशी मंडळींनी आपल्या आवडत्या कॉमिक्सवर लिहिलेलं, चित्रित केलेलं, स्वखर्चानं छापलेलं काहीतरी घेऊन बसायचं आणि तसंच काहीतरी विकत घ्यायचं. आता हा मेळा, लोक त्याला 'कॉमिकेट' म्हणतात, वर्षातून दोनदा समुद्राकाठच्या 'टोकियो बिग साइट'मध्ये भरतो. महासाथीच्या आधीच्या वर्षांत एकेका मेळ्यातल्या सगळ्या दिवसांची बेरीज पाच लाखांच्या वर जायची. कॉमिकेटची एक जुनी शिस्त मला फार आवडते. तिथे गिऱ्हाईक नावाचं कुणी नसतं. टेबलामागे बसलेला आणि टेबलापुढे उभा असलेला, दोघेही 'सहभागी'. त्यामुळे रांग लावायला, जागा आवरायला, शिस्त राखायला सगळ्यांनी हातभार लावायचा.

दुसरी शिस्त आपल्या गोष्टीसाठी जास्त महत्त्वाची आहे. नवी कृती आणणाऱ्या प्रत्येक सर्कलनं एक नमुनाप्रत समितीकडे द्यायची असते. मूळ उद्देश तपासणीचा, पण त्यातून एक प्रचंड साठा तयार होत गेला. योशिहिरो योनेझावा हे कॉमिकेटच्या संस्थापकांपैकी एक. १९८० पासून २००६ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी समिती सांभाळली. त्यांच्या नावानं २००९ मध्ये मेइजी विद्यापीठानं ग्रंथालय उघडलं आणि कॉमिकेटच्या नमुनाप्रती तिथे वाचकांना बघता येऊ लागल्या. कुणाच्या परवानगीविना काढलेली, शे-दोनशे प्रतींची विडंबनं एका विद्यापीठाच्या फडताळात सापडतात. हे दृश्य लक्षात ठेवा, पुढे त्याची आठवण येईल.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीला टेबलांवर छापील पुस्तकांच्या शेजारी सीडी दिसू लागल्या. वातानाबे सेइसाकुजो नावाच्या सर्कलनं १९९८ मध्ये 'द क्वीन ऑफ हार्ट' हा खेळ आणला. नावातच खोडी आहे: 'टू हार्ट'मधल्या शाळकरी नायिका इथे एकमेकींना गुद्दे आणि लाथा मारतात. हळुवार प्रेमकथेतल्या, दप्तर छातीशी धरून लाजणाऱ्या मुलींना आखाड्यात उतरवायचं, एवढीच कल्पना. पण काम इतकं मन लावून केलेलं की लोक तुटून पडले.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. नाओकी ताकाहाशी या प्रोग्रामरनं 'एनस्क्रिप्टर' नावाचं एक इंजिन करून ठेवलं. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये 'हे चित्र दाखव, हे वाक्य लिही, इथे प्रश्न विचार' अशा आज्ञा लिहायच्या, बस्स. प्रोग्रामिंग न येणाऱ्या लेखकालाही व्हिज्युअल नॉव्हेल करता येऊ लागली. याच इंजिनावर टाइप-मून या सर्कलनं डिसेंबर २००० च्या कॉमिकेटमध्ये 'त्सुकिहिमे' आणली. याच इंजिनावर ०७थ एक्स्पान्शन या सर्कलनं ऑगस्ट २००२ पासून 'हिगुराशी' भागाभागानं विकली. तिच्यातल्या पात्रांचे हात बघा, बोक्सिंगचे हातमोजे घातल्यासारखे दिसतात, आणि मागची दृश्यं म्हणजे फिल्टर मारलेले फोटो. पण गोष्ट अशी की झोप उडावी.

आणि मग चक्र फिरलं. 'त्सुकिहिमे' स्वतः हौशी कृती, पण तिलाही चाहते मिळाले. 'टू हार्ट'च्या नायिकांना आखाड्यात उतरवणाऱ्या त्या सर्कलनं आता टाइप-मूनबरोबरच हातमिळवणी केली, आणि डिसेंबर २००२ मध्ये 'मेल्टी ब्लड' आला. 'त्सुकिहिमे'च्या पात्रांचा हा मारामारीचा खेळ, त्याची कथा मूळ लेखकांच्या सहभागानं लिहिलेली. चार वर्षांपूर्वी उसन्या पात्रांवर हात साफ करणारे आता पात्रांच्या जन्मदात्यांच्या शेजारी बसले होते. 'मेल्टी ब्लड'च्या नव्या आवृत्त्या अजून निघतात, दुकानांत मिळतात. 'द क्वीन ऑफ हार्ट' मात्र दुकानात मिळणार नाही. तो परत कोण काढणार? पात्रं लीफची, खेळ दुसऱ्यांचा. दोघांपैकी एकालाही तो एकट्याला विकता यायचा नाही.

कंपन्या हे सगळं चालू कसं देतात, असा प्रश्न पडेलच. जपानच्या कायद्यात विडंबनाला वेगळी सूट नाही. पण तिथे कॉपीराइटभंगाचा खटला साधारणपणे हक्कदारानं तक्रार केल्याशिवाय उभा राहत नाही, आणि हक्कदार बहुधा तक्रार करत नाही. आजचा हौशी चित्रकार उद्या आपल्याकडे काम करील, आणि चाहत्यांशी वैर धरण्यात शहाणपण नाही, हे त्याला ठाऊक असतं. ही डोळेझाक कधी कधी संपते. १९९९ च्या जानेवारीत पोकेमॉनच्या पात्रांवर प्रौढ दोजिन काढणाऱ्या एका बाईंना अटक झाली आणि दंड भरावा लागला. २००५ मध्ये एकानं 'डोरेमॉन'चा कधीच न लिहिला गेलेला शेवट लिहिला. चित्रशैली इतकी हुबेहूब की अनेकांना तो खराच वाटला, आणि हजारो प्रती खपल्या. २००७ मध्ये त्याला प्रकाशकाची माफी मागावी लागली आणि मिळकतीतला वाटा द्यावा लागला. विडंबन करा, पण मूळ वस्तू समजून कुणी विकत घेईल इतकं करू नका आणि फार कमावू नका, एवढा बोध सगळ्यांनी न बोलता घेतला.

पुढे आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या निमित्तानं तक्रारीविनाही खटला भरता यावा अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा दोजिनवाल्यांचं धाबं दणाणलं. मांगाकार केन आकामात्सु यांनी २०१३ मध्ये 'दोजिन मार्क' पुढे आणला. मूळ लेखकानं आपल्या मालिकेवर ही छोटी खूण छापली की चाहत्यांनी त्यावर दोजिन काढून मेळ्यात विकायला त्याची हरकत नाही, असा अर्थ. त्यांनी स्वतःच्या 'यूक्यू होल्डर!' या मालिकेवर ती लगेच छापलीही. शेवटी ३० डिसेंबर २०१८ पासून बदललेला कायदा लागू झाला. त्यात तक्रारीविना खटल्याची तरतूद आली, पण मूळ कृती जशीच्या तशी विकून हक्कदाराचं नुकसान करणाऱ्यांपुरतीच. विडंबन त्यातून वगळलं गेलं.

इथे मला थोडं खटकतं. डोळेझाकीच्या छायेत विडंबन जन्माला येतं, वाढतं, हे खरं. पण ज्या वस्तूकडे हक्कदारानं 'पाहिलेलंच नाही' ती वस्तू तो जपणारही नाही. आणि जिनं ती केली तिला ती नव्यानं छापायची, मोठ्या दुकानात ठेवायची हिंमत नसते. कागदाला निदान ते विद्यापीठाचं फडताळ मिळालं. इंटरनेटवरून वाटलेल्या फायलींना कुठलं फडताळ?

एक उलटं उदाहरण बघा. २०११ च्या १ एप्रिलला हातो मोआ या कॉमिककर्तीनं एक छोटा फ्लॅश खेळ टाकला. मुलींसाठीच्या जपानी प्रेमखेळांत नायिकेभोवती राजबिंडे तरुण असतात. इथे नायिका माणूस, बाकी सगळे पक्षी. वर्गात शेजारी कबूतर, गुरुजीही पक्षीच. एप्रिल फूलचा विनोद. पण तो इतका आवडला की त्याच वर्षी तिनं पूर्ण 'हातोफुल बॉयफ्रेंड' केला आणि 'कोमितिया' या मेळ्यात विकला. कोमितियाचा नियम कॉमिकेटच्या उलट आहे: तिथे फक्त स्वतंत्र कृती चालतात, दुसऱ्याची पात्रं चालत नाहीत. तिनं टिंगल एका खेळाची केली नव्हती, अख्ख्या प्रकाराची केली होती, आणि कबुतरांवर कुणाचा हक्क नसतो. २०१४ मध्ये ब्रिटनच्या मीडियाटॉनिकनं तो नव्यानं बनवला आणि तो जगभर विकला गेला. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झालं, तरी त्याचं काही बिघडलं नाही. प्रकाराचं विडंबन दुकानात जाऊ शकतं. विशिष्ट कृतीचं विडंबन हातोहात फिरतं आणि ते हात थकले की संपतं.

जपानबाहेर मेळे नव्हते, म्हणून तिथे हे 'हात' वेगळे निघाले. पहिला हात पॅचचा. समजा तुमच्याकडे 'त्सुकिहिमे'ची जपानी सीडी आहे. इंग्रजी वाचकांसाठी चाहत्यांनी भाषांतर केलं, ते २००६ मध्ये पुरं झालं. पण त्यांनी खेळ वाटला नाही. वाटली फक्त एक छोटी फाइल, तुमच्या घरच्या खेळात काय बदलायचं तेवढीच. मूळ माल तुमचा तुम्ही आणा. रेसिपी देतो, भांडी आणि शिधा तुमचा. चोरीचा आळ टाळण्याची ही युक्ती, पण तिच्यात मूळ कृतीबद्दलचा एक मानही होता.

दुसरा हात टॉरंटचा. 'कतावा शोजो' हे काही विडंबन नव्हे, पण वाटण्याच्या इतिहासात तिला टाळता येत नाही. राइता या जपानी चित्रकाराच्या दोजिन पुस्तकातलं एका पानाचं रेखाटन २००७ मध्ये एका इंग्रजी चित्रफलकावर कुणीतरी लावलं. 'असा खेळ खरंच असता तर?' या गप्पांतून निरनिराळ्या देशांतली, एकमेकांना कधीच न भेटलेली माणसं जमली आणि पाच वर्षं फुकट राबून त्यांनी तो केला. ४ जानेवारी २०१२ ला तो मोकळा सोडला: क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना, पैसे नाहीत, बदल नाहीत, पण वाटायला पूर्ण मुभा. टॉरंटमध्ये ज्यानं ज्यानं खेळ उतरवला तो पुढच्याला तुकडे देत राहतो. अवघ्या दोन आठवड्यांनी, १९ जानेवारीला, अमेरिकी सरकारनं मेगाअपलोड ही फायली साठवणारी सेवा बंद पाडली. तिथे चोरीचे सिनेमे होते हे खरं, पण चाहत्यांनी ठेवलेल्या हजार प्रकारच्या फायलीही एका रात्रीत दिसेनाशा झाल्या. ज्यांनी एकाच गोदामावर भरवसा ठेवला ते हात चोळत बसले. 'कतावा शोजो' अनेक घरांत होती, म्हणून राहिली.

ती ज्या इंजिनावर केली त्याचं नाव 'रेन-पाय'. टॉम रॉथामेल यांनी २००४ मध्ये ते मोफत दिलं. जपानीत 'रेन-आइ' म्हणजे प्रेम, आणि 'पायथन' ही प्रोग्रामिंगची भाषा, त्यांची ही जोडी. एनस्क्रिप्टरनं जपानी हौशींसाठी जे केलं ते रेन-पायनं उरलेल्या जगासाठी केलं. आणि याच इंजिनावर २२ सप्टेंबर २०१७ ला 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' आला, डॅन साल्वाटो आणि त्यांच्या छोट्या गटाचा, मोफत. पुढच्या जानेवारीपर्यंत तो २० लाख वेळा उतरवला गेला होता.

हा खेळ स्वतःच प्रेमखेळांची थट्टा म्हणून सुरू होतो. शाळेत कवितेचं मंडळ, चार मुली. रोज रात्री वीस शब्द निवडून तुम्ही कविता करायची, ज्या मुलीच्या आवडीचे शब्द जास्त ती खूश. मग गोष्ट अशा अंधारात शिरते की सुरुवातीचा इशारा उगाच दिलेला नव्हता हे कळतं. मुलांना दाखवू नका, आणि मन हळवं झालं असेल तर स्वतःही खेळू नका. इथे एवढंच सांगते की एका टप्प्यावर हा खेळ तुम्हाला त्याच्या स्वतःच्या फायलींच्या फोल्डरात जायला लावतो. पात्रं तिथे फायलींच्या रूपात बसलेली असतात. लाखो खेळाडूंनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या खेळाचं पोट उघडून आत पाहिलं. पुढे या खेळाचे इतके मोड का निघाले, याचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं.

मोड म्हणजे मूळ खेळाच्या आत बसवलेला नवा खेळ. या खेळाची चित्रं, आवाज, अक्षरं आणि संहिता चार बंद गाठोड्यांत असतात. रेन-पाय आधी बाहेर मोकळ्या ठेवलेल्या फायली बघतं, नसतील तर गाठोड्यात हात घालतं. म्हणजे नवी संहिता शेजारी ठेवली की पात्रं तीच, चित्रं तीच, पण बोलणं तुमचं. कुणी भय काढून टाकून सरळ प्रेमकथा लिहिली. कुणी क्लबचं भलतंच काहीतरी करून टाकलं. 'मोनिका आफ्टर स्टोरी'मध्ये तर एकच मुलगी समोर बसून वर्षानुवर्षं तुमच्याशी गप्पा मारते, आणि शेकडो हात ती गप्पा वाढवत असतात.

टीम साल्वाटोनं यावर डोळेझाक केली नाही, नियम लिहिले. पैसे घ्यायचे नाहीत. हे अनधिकृत आहे असं ठळक सांगायचं. मूळ खेळ पूर्ण करूनच हा खेळावा, असं सुरुवातीलाच लिहायचं. आणि खेळाडूला मूळ खेळ त्यांच्याच जागेवरून उतरवून आणावा लागला पाहिजे. पॅचवाल्यांची जुनी युक्ती इथे कायदेशीर शिष्टाचार झाली. विडंबनात मूळ ठाऊक असणं हा रसिकाचा धर्म असतो, इथे ती तांत्रिक अटच आहे. मूळ घरात नसेल तर विनोद सुरूच होत नाही.

आता इंदूर.

माझा भाचा तेव्हा बारावी होऊन कॉलेजात गेला होता. या तिघांनी ठरवलं की क्लबचं काव्यमंडळ करायचं, आपल्याकडे वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतं तसं. अध्यक्षबाई आभार मानताना थांबत नाहीत. एक कवयित्री फक्त पावसावर लिहिते. एक 'हे प्रसिद्ध झालेलं आहे' असं आधी सांगून वाचते. पोहे-जलेबी आल्याशिवाय कुणी कवितेला हात घालत नाही. निवडायच्या शब्दांत प्राजक्त, विठ्ठल, एकाकी आणि बटाटावडा.

पण पहिलं वाक्य पडद्यावर आलं आणि तिघे हिरमुसले. रेन-पायच्या त्या वेळच्या आवृत्तीला देवनागरी जोडता येत नव्हती. ती एकामागून एक अक्षरं नुसती मांडायची. 'कविता'मधली वेलांटी 'व'ला सोडून 'त'ला जाऊन चिकटायची. 'प्राजक्त'चे तुकडे पडायचे. अलीकडच्या आवृत्त्यांत हे सुधारलं आहे. तेव्हा मुलांनी हट्टानं वाट काढली: प्रत्येक वाक्य दुसरीकडे टाइप करायचं आणि त्याचं चित्र करून खेळात लावायचं. शेकडो चित्रं झाली. शुद्धलेखन बघायला ती माझ्याकडे, बंगलोरला आली. म्हणून तो पेन ड्राइव्ह माझ्याकडे.

चार मुलींच्या चार कविता मूळ खेळात चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत दिसतात. मुलांना तसं मराठी अक्षर फॉन्टात सापडेना. तेव्हा माझी आई, म्हणजे भाच्याची आजी, म्हणाली, द्या इकडे कागद. आयुष्यभर तिनं असल्या संमेलनांत मागच्या खुर्चीवर बसून ऐकलं होतं. तिनं चार जाणूनबुजून वाईट कविता केल्या, आणि चार हातांनी लिहिल्या: एक टपोऱ्या अक्षरात, एक तिरप्या, एक लहान मुलीसारख्या, आणि एक डाव्या हातानं. मुलांनी फोटो काढून त्या खेळात घातल्या. कागद रद्दीत गेले. मोड एका फुकट साठवणीच्या जागी टाकला, दुवा मित्रांना पाठवला. वीस-पंचवीस जणांनी तो खेळला असेल. कुणी उतरवत नाही म्हटल्यावर त्या जागेनं फाइल पुसली. भाच्याचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला आणि कोरा होऊन परत आला. आई २०२१ मध्ये गेली.

२०२३ मध्ये खण आवरताना पेन ड्राइव्ह सापडला, तेव्हा भाच्याला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, मूळ गेम जुन्याच व्हर्जनचा लागेल हं. प्लस चालणार नाही." २०२१ ची 'प्लस' आवृत्ती युनिटी या दुसऱ्या इंजिनावर केलेली आहे, त्यात जुने मोड बसत नाहीत. सुदैवानं जुनी मोफत आवृत्ती अजून मिळते. ती जोवर मिळते तोवर आईच्या कविता त्यांच्या जागी, त्या मुलींच्या हातांत दिसतील. नंतर ते नुसते फोटो उरतील.

भाचा म्हणतो, पुन्हा टाकू या, या वेळी तीन-चार ठिकाणी. मोडचे नियम तर आम्ही पाळलेलेच आहेत. तरी मी वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीला विचारलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात विडंबन हा शब्द नाही, टीका आणि परीक्षणासाठी न्याय्य वापराची सूट आहे. तिनं केरळ उच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल सांगितला. तोप्पिल भासींचं 'निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की' हे १९५२ चं गाजलेलं नाटक. सिविक चंद्रन यांनी त्याला उत्तर म्हणून प्रतिनाटक लिहिलं आणि त्यात मूळ नाटकाचे प्रसंग नि संवाद उचलले. न्यायालयानं ते टीकेसाठी केलेलं मानलं आणि प्रयोगाला वाट दिली. "तुमच्या बटाटावड्याला कुणी कोर्टात खेचणार नाही," मैत्रीण म्हणाली, "पण तिसऱ्या मित्राला विचारलंत का?"

ते राहिलं होतं. तिघांपैकी एक कॅनडात आहे, तो हो म्हणाला. दुसऱ्याशी भाच्याचं बोलणं बंद आहे, कारण मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. चित्रांची जुळवाजुळव सगळी त्याची होती. त्याच्याकडून अजून उत्तर आलेलं नाही.

मधल्या काळात मी आणि भाच्यानं गेल्या दिवाळीत इंदूरला तो खेळ एकदा लावला. आभार चालू होते, टिचकी मारत गेलो, आणि डाव्या हातानं लिहिलेली ती कविता आली. शेवटून दुसऱ्या ओळीत 'दुःख' विसर्गाविना लिहिलेलं. मी २०१८ मध्येच ते लाल करून पाठवलं होतं, मला पक्कं आठवतं. भाचा म्हणाला, "आजीनं बदलू दिलं नाही. म्हणाली, ही मुलगी असंच लिहील."